गु.र.नं. आणि केस नंबर: फौजदारी कागद नेमका कुठे मागायचा?

"नंबर आहे माझ्याकडे," असं म्हणत माणूस मोबाइल खिडकीतून आत सरकवतो. स्क्रीनवर १४५/२०१९. नक्कल विभागातला, म्हणजे कोर्टाच्या कागदांच्या प्रती देणारा कारकून विचारतो, "आर.सी.सी. की एस.सी.सी.?" माणूस म्हणतो, "एफआयआर." कारकून मोबाइल परत करतो आणि मागच्याला बोलावतो. तालुक्याच्या कोर्टात सकाळी अकराच्या सुमारास थोडा वेळ उभं राहिलं, की हा संवाद ऐकू येतोच.

त्या माणसाचा नंबर खोटा नसतो. तो फक्त दुसऱ्या रजिस्टरातला असतो. गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, आणि तो पोलीस ठाण्याचा. केस नंबर कोर्टाचा. दोन्हींत आकडा, तिरकी रेघ आणि साल, त्यामुळे दिसायला जुळी भावंडं. पण १४५/२०१९ या गुन्ह्याचं दोषारोपपत्र (चार्जशीट) पुढच्या वर्षी दाखल झालं, तर कोर्टात तोच मामला आर.सी.सी. (रेग्युलर क्रिमिनल केस) ३१२/२०२० असू शकतो. आकडाही वेगळा, सालही वेगळं.

गु.र.नं. पडतो फिर्याद नोंदवली त्या क्षणी. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली होतं. जुन्या कागदांवर आकड्याच्या आधी रोमन एक किंवा दोन दिसतो, तो रजिस्टरचा भाग. आणि ठाण्याच्या नावाशिवाय या नंबराला काही अर्थ नाही, कारण दरवर्षी प्रत्येक ठाण्यात मोजणी नव्याने सुरू होते. १४५/२०१९ राज्यभरात शेकडो असतील. फिर्याद हद्द न बघता शून्य क्रमांकाने घेऊन दुसऱ्या ठाण्याकडे वर्ग केली असेल, तर तिथे तिला नवा नंबर मिळतो आणि पुढे तोच चालतो.

हा कागद मिळवणं तुलनेने सोपं. फिर्यादीला प्रत फुकट द्यायची हे कायद्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं. लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारखांची मुदत भरली की प्रसिद्ध केलेले एफआयआर दिसतात. पण एफआयआर म्हणजे कोणीतरी केलेला आरोप. तो सिद्ध झाला की नाही, हे त्या कागदाला कधीच कळत नाही. भाडेकरू ठेवताना किंवा सोयरीक जमवताना लोक तो कागद निकालपत्रासारखा एकमेकांना पाठवतात, तेव्हा मला त्या कागदाचीच दया येते.

केस नंबर कोर्ट देतं. दंडाधिकाऱ्यांकडे पोलिसांच्या दोषारोपपत्रावरून चालणारा नेहमीचा खटला म्हणजे आर.सी.सी., संक्षिप्त पद्धतीचा एस.सी.सी. खुनासारखा गुन्हा आधी दंडाधिकाऱ्यांकडे येतो आणि तिथून सत्र न्यायालयात कमिट होतो, म्हणजे सोपवला जातो, आणि नंबर पुन्हा बदलतो. चेक न वटल्याचा खटला थेट खाजगी तक्रारीवरून चालतो, त्याला एस.सी.सी. नंबर असतो पण गु.र.नं. नसतोच. अशा पक्षकाराला "एफआयआरची प्रत जोडा" म्हणणारा बँकेचा अधिकारी भेटला, की समजावता समजावता दिवस जातो.

याच्या उलटही होतं. गु.र.नं. आहे पण आर.सी.सी. कधी पडलाच नाही. तपास चालू असेल, उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला असेल, किंवा पोलिसांनी समरी पाठवली असेल. समरी हा आपल्याकडचा खास शब्द, खटला न भरता तपास बंद करण्याच्या अहवालासाठी. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, तर 'अ' समरी. फिर्याद खोटी निघाली, तर 'ब'. गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची निघाली, तर 'क'. समरीवरचा दंडाधिकाऱ्यांचा आदेश हादेखील कोर्टाचाच कागद, त्याची नक्कल मागता येते. 'ब' समरी मंजूर झालेल्या माणसासाठी तर तो फार मोलाचा.

मग गु.र.नं. वरून केस नंबर कसा काढायचा? ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर. राज्य, जिल्हा, कोर्टाचं संकुल निवडायचं आणि केस नंबरऐवजी एफआयआर नंबरचा रकाना उघडायचा. ठाणं यादीतून निवडा, आकडा आणि साल टाका. खाली प्रलंबित, निकाली आणि दोन्ही असे पर्याय असतात, त्यातला 'दोन्ही' घ्या. नाहीतर निकाल लागलेला खटला दिसणारच नाही आणि तुम्ही "केसच नाही" असं समजून घरी याल. नावावरूनही शोधता येतं, पण नावं इंग्रजी स्पेलिंगने चढवलेली असतात. विदर्भातल्या जाधवांच्या शेवटी 'व्ही'ऐवजी 'ओ' असतो, तो लक्षात ठेवला नाही तर अख्खं घराणं गायब.

इथे एक खड्डा आहे, आणि त्यात शिकलेली माणसंही पडतात. जिल्ह्याच्या संकुलात गु.र.नं. टाकला की बहुतेकदा आधी जामीन अर्ज समोर येतो. त्यालाही स्वतंत्र नंबर असतो, आरोपीचं नाव असतं, ठाणं आणि गु.र.नं. असतो, आणि पुढे ठळक लिहिलेलं असतं 'निकाली'. निकाली निघालाय तो जामिनाचा अर्ज! खटला तालुक्याला साक्षीपुराव्यावर असतो. मुलाखतीत "माझी केस संपली" असं सांगून, पुरावा म्हणून जामिनाचा आदेश पुढे करणारे उमेदवार मी पाहिलेत. ते खोटं बोलत नव्हते, चुकीच्या ओळीवर बोट ठेवत होते. म्हणून प्रकरणाचा प्रकार आधी वाचा, स्थिती नंतर.

बरोबर ओळ सापडली की तिथला सी.एन.आर. नंबर वहीत उतरवून ठेवा. सोळा स्थानांचा असतो: सुरुवातीला राज्याचे एम.एच., मग जिल्ह्याची दोन अक्षरं, कोर्टाचे दोन आकडे, सहा आकडी क्रमांक आणि शेवटी साल. हा देशभरात एकमेव असतो, त्यामुळे ठाणं, संकुल काहीच सांगावं लागत नाही. त्या पानावर पुढची तारीख, टप्पा आणि चढवलेले आदेश दिसतात. ते डाउनलोड करून वाचायला छान. पण ती प्रमाणित प्रत नव्हे. पासपोर्ट, व्हिसा, नोकरी, अपील यांसाठी लागते ती शिक्क्याची नक्कल, आणि ती मिळते कोर्टाच्या खिडकीवर. परदेशी निघालेल्यांचा आणखी एक घोटाळा होतो. वकिलातीने कोर्टाचा कागद मागितलेला असतो आणि ही मंडळी पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र देतात. पुन्हा तेच, ठाण्याचं दार आणि कोर्टाचं दार.

नकलेच्या अर्जात केस नंबर, दोन्ही पक्षकार, कोर्टाचं नाव आणि निकाल लागला असल्यास त्याची तारीख लिहायची. कोर्ट फी तिकीट लावायचं. मुख्य म्हणजे काय हवंय ते नेमकं लिहायचं. "सर्व कागदपत्रे" असं लिहिलेला अर्ज कोणालाच आवडत नाही, आणि पानांचा खर्चही तुमच्याच खिशातून जातो. निकालपत्र हवं तर निकालपत्र. प्रत्येक तारखेला काय झालं ते हवं असेल, तर रोजनामा मागा. कोण हजर होतं, तारीख का पडली, सगळं त्यात असतं. एखादा विशिष्ट अर्ज किंवा जबाब हवा असेल, तर त्याचा निशाणी क्रमांक द्या, म्हणजे कोर्टाने त्या कागदावर घातलेला नंबर. तो रोजनाम्यातच सापडतो, म्हणून मी आधी रोजनामा घ्यायला सांगतो.

मागणारा कोण, यावर बरंच ठरतं. आरोपीला दोषारोपपत्राचा संच फुकट मिळतो, नव्या संहितेच्या कलम २३० प्रमाणे हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत. कैदेची शिक्षा झाली तर निकालपत्राची प्रतही फुकट. त्रयस्थाने मात्र अर्जात कारण लिहायचं आणि न्यायाधीशांच्या परवानगीची वाट बघायची. दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, ते संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे एफआयआर घरबसल्या वाचता येतो आणि त्याच गुन्ह्याचं दोषारोपपत्र येत नाही. माहिती अधिकाराची पळवाटही इथे चालत नाही. खटल्यातले कागद कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनीच मागायचे, असं त्याच न्यायालयाने मार्च २०२० मध्ये सांगितलं. पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्याच्या खटल्यात बालकाची ओळख उघड करण्याला मनाई आहे, आणि बाल न्याय मंडळापुढचे कागद बाहेरच्याने मागूच नयेत.

नक्कल हातात आली की शिक्क्याजवळच्या तारखा वाचा: अर्ज कधी दिला, प्रत कधी तयार झाली, कधी दिली. अपिलाची मुदत मोजताना नक्कल तयार व्हायला लागलेला काळ वगळला जातो, मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे. प्रत तयार असूनही तुम्ही महिनाभर आणायला गेला नाहीत, तर तो महिना तुमच्याच खात्यावर.

जुन्या खटल्यांचं थोडं वेगळं. निकाल लागल्यावर बाड रेकॉर्ड रूममध्ये जातं. अपील झालं असेल तर ते वरच्या कोर्टात गेलेलं असू शकतं, तेव्हा आधी तेवढं विचारा. काही कागद ठराविक वर्षांनी नियमाप्रमाणे नष्टही केले जातात. तसं झालं असेल तर खिडकीवरच्या तोंडी उत्तरावर परत येऊ नका. अर्ज द्या आणि त्याच अर्जावर 'अभिलेख उपलब्ध नाही' असा शेरा, सही, शिक्का घ्या. वीस वर्षांपूर्वीच्या मारामारीचा निकाल मागणाऱ्या कार्यालयापुढे ठेवायला तुमच्याकडे तेवढाच कागद असतो.