भुसा न मिळालेल्या विटा

बायबलमधल्या ‘निर्गम’च्या पाचव्या अध्यायात फारो, म्हणजे इजिप्तचा राजा, हुकूम सोडतो: इस्राएली गुलामांना विटांसाठी यापुढे भुसा द्यायचा नाही. तो त्यांनीच रानोमाळ हिंडून गोळा करावा, विटांचा आकडा मात्र तोच राहील. आकडा भरत नाही आणि त्यांच्यातल्याच मुकादमांना मार बसतो.

हा छळ किती मुरलेल्या माणसाने योजलेला आहे, हे वीट कशी बनते ते पाहिल्यावर कळतं. नाईलच्या गाळाची माती वाळताना आकसते. वरचा थर आधी वाळतो, आतला ओलाच राहतो, आणि या ओढाताणीत वीट तडकते. चिखलात बारीक भुसा मळला की त्याच्या काड्या माती धरून ठेवतात, वीट सगळीकडून सारखी वाळते. भुसा नसेल तर दिवसभराचे श्रम उन्हात भेगाळून जाणार.

इजिप्तमधले पुरावे या वर्णनाशी चांगलेच जुळतात. थीब्जला रेखमिरे या वजिराची इ.स.पू. पंधराव्या शतकातली कबर आहे. तिच्या भिंतीवर पाणी आणणारे, चिखल मळणारे, साच्यातून विटा पाडणारे परदेशी कैदी आणि काठी घेतलेला मुकादम रंगवला आहे. लूव्र संग्रहालयात दुसऱ्या रामसेसच्या काळातली चामड्याची गुंडाळी आहे. तिच्यात देखरेख करणाऱ्यांना प्रत्येकी २,००० विटांचं लक्ष्य नेमून दिलेलं दिसतं. गुलामांनी बांधलं म्हणून बायबल ज्या रामसेस नगराचं नाव घेतं, ते नाईलच्या त्रिभुज प्रदेशात कांतिर गावाजवळचं पी-रामसेस, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

या गुलामांच्या इजिप्तमधून सुटकेचा पुरावा मात्र इतका सरळ हाती लागत नाही. बायबल ६ लाख पुरुष निघाल्याचं सांगतं. बायका-मुलं धरली तर २० लाखांच्या घरात माणसं, आणि सिनाईच्या वाळवंटात एवढ्या मुक्कामाची एकही खूण नाही. १८९६ मध्ये फ्लिंडर्स पेट्री यांना सापडलेल्या फारो मर्नेप्ताहच्या शिलालेखात, म्हणजे इ.स.पू. १२०८च्या सुमारास, इस्राएल हे नाव पहिल्यांदा निर्विवाद भेटतं. तेही कनान, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनच्या भागातले लोक म्हणून. त्याच सुमारास कनानच्या डोंगरात शेकडो लहान वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांतली भांडी मात्र तिथल्याच जुन्या कनानी घडणीची आहेत, म्हणजे तिथली बहुतेक माणसं बाहेरून आलेली नसावीत.

म्हणून मला अनेक संशोधकांचं म्हणणं पटतं: इजिप्तमधून निसटलेली टोळी लहान असावी. तिने आपली वेठबिगारीची आणि सुटकेची हकिकत या डोंगरवस्त्यांत सांगितली, आणि जे कधी इजिप्तला गेलेच नव्हते त्यांनीही ती आपली मानली.