लिबियन डिप्लोमॅट्सचं बंड (२०११)

फेब्रुवारी २०११ मध्ये लिबियाचा हुकूमशहा मुअम्मर गद्दाफीची परदेशात बाजू मांडायला ठेवलेली माणसंच एकामागून एक त्याच्यावर उलटली, त्या सगळ्या प्रकरणाला लिबियन डिप्लोमॅट्सचं बंड म्हणता येईल. १५ फेब्रुवारीला लिबियातल्या बेनगाझी शहरात निदर्शनं सुरू झाली, लोकांवर गोळ्या चालल्या, आणि आठवडाभरात कैरो, दिल्ली, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क अशी राजीनाम्यांची रांगच लागली. यादवी युद्धात सरकारी माणसं फुटतातच, त्यात नवल नाही, पण वारं कुठल्या दिशेला जातंय ते अजून कुणालाच कळत नव्हतं तेव्हा हे लोक बाहेर पडले.

सुरुवात २० तारखेला अरब लीगमधल्या (अरब देशांच्या संघटनेतल्या) लिबियाच्या प्रतिनिधीनं, अब्देल मोनीम अल होनीनं केली. दुसऱ्या दिवशी दिल्लीतला अँबॅसेडर अली अल इसावीनं पद सोडलं आणि लोकांवर परदेशी भाडोत्री सैनिक सोडलेत असं बीबीसीला सांगितलं (हाच पुढे बंडखोरांच्या नॅशनल ट्रान्झिशनल कौन्सिलचं परराष्ट्र खातं बघायला लागला). त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये युएनमधला लिबियाचा उपप्रतिनिधी इब्राहिम दब्बाशी मिशनमधला स्टाफ बरोबर घेऊन पत्रकारांसमोर आला, हा नरसंहार आहे आणि गद्दाफीनं खुर्ची सोडावी असं उघड म्हणाला. वॉशिंग्टनमधला अँबॅसेडर अली औजालीही पाठोपाठ गेला.

अडकला होता तो दब्बाशीचा साहेब, युएनमधला लिबियाचा मुख्य प्रतिनिधी अब्देल रहमान शलगम. हा काही साधा अधिकारी नव्हता, २००० ते २००९ लिबियाचा परराष्ट्रमंत्री आणि गद्दाफीचा तरुणपणापासूनचा दोस्त. २२ तारखेलाही तो दोस्ताला पूर्ण सोडायला तयार नव्हता, हिंसा थांबवा एवढंच म्हणत होता. त्याच दिवशी गद्दाफीनं टीव्हीवर घर न् घर, गल्ली न् गल्ली पिंजून काढायची धमकी दिली. २५ तारखेला शलगम सिक्युरिटी कौन्सिलमध्ये बोलायला उभा राहिला, गद्दाफीला हिटलर आणि कंबोडियाचा हुकूमशहा पोल पॉट यांच्या रांगेत बसवलं आणि लिबियाला वाचवा म्हणाला. दब्बाशीला रडू आवरेना, बान की मून यांनी शलगमला मिठी मारली.

आता भाषणं युएनमध्ये रोजच होतात, त्यानं काय होतं असं कुणीही विचारेल. पण इथे खरंच झालं. २६ तारखेला कौन्सिलचा ठराव क्रमांक १९७० आला त्यात शस्त्रबंदी होती, मालमत्ता गोठवणं होतं आणि प्रकरण इंटरनॅशनल क्रिमिनल कोर्टाकडे पाठवायचं कलम होतं, आणि या शेवटच्या कलमावर काही देश अडले होते. भारत तेव्हा कौन्सिलचा मेंबर होता, त्या कोर्टाचा मेंबर नव्हता आणि नाही, शिवाय हजारो भारतीय कामगार लिबियात अडकलेले. कोर्टाकडे पाठवा असं शलगमचं पत्र त्या दिवशी आलं आणि मतदानानंतर भारताचे युएनमधले प्रतिनिधी हरदीप सिंग पुरींनी आपल्या निवेदनात त्या पत्राचा उल्लेख केला. देशाचा स्वतःचाच प्रतिनिधी आमच्या सरकारवर कारवाई करा म्हणत असेल तर ‘अंतर्गत मामला’ हे नेहमीचं कारण कोण देणार? १५ विरुद्ध ० नं ठराव पास झाला. १७ मार्चच्या ठराव क्रमांक १९७३ वर, म्हणजे नो-फ्लाय झोनवर (लिबियावरून विमानं उडवायला बंदी), मात्र भारत तटस्थ राहिला, बरोबर चीन, रशिया, जर्मनी आणि ब्राझील.

पुढचा भाग तर फार्सच आहे. गद्दाफीचा परराष्ट्रमंत्री मूसा कूसानं युएनला कळवलं की शलगम आणि दब्बाशी आता आमचे नाहीत, त्यांच्या जागी अली तुरेकी येतील. तुरेकी काही न्यूयॉर्कला आलेच नाहीत, मार्चअखेरीला त्यांनीही साथ सोडली. आणि ज्यानं हे कळवलं तो कूसा ३० मार्चला ट्युनिशियातून विमानानं ब्रिटनला जाऊन स्वतःच राजीनामा देऊन मोकळा. त्याच सुमारास त्रिपोलीनं, म्हणजे गद्दाफी सरकारनं, चक्क निकाराग्वाचे माजी परराष्ट्रमंत्री मिगेल देस्कोतो यांना लिबियाचा प्रतिनिधी नेमलं, तर ते टुरिस्ट व्हिसावर आलेत, त्यावर हे काम करता येणार नाही, असं अमेरिकेनं सांगितलं. स्वतःच्या देशाच्या खुर्चीवर बसायला या सरकारला आपला एक माणूस मिळेना!

या लोकांना सरसकट हिरो करायची घाई मात्र नको. यातले बहुतेक जण वर्षानुवर्षं त्याच राजवटीचे चेहरे होते, कूसा तर १९९४ पासून दीड दशक परदेशी हेरखात्याचा प्रमुख होता, तेव्हा गद्दाफी काय चीज आहे हे २०११ मध्येच कळलं असं कुणी म्हणालं तर ते पचायला जड आहे. दुसरी बाजूही आहे, न्यूयॉर्कमध्ये बसून बोलणाऱ्याची घरची माणसं अनेकदा मायदेशातच असतात आणि गद्दाफी विरोधकांचा परदेशातही पाठलाग करायचा, १९८० च्या दशकात लंडन-रोममध्ये त्यानं माणसं मारवलीत. दब्बाशीनं तोंड उघडलं तेव्हा त्रिपोली गद्दाफीच्याच हातात होतं.

१६ सप्टेंबर २०११ ला जनरल असेंब्लीत ११४ विरुद्ध १७ मतांनी लिबियाची जागा ट्रान्झिशनल कौन्सिलला मिळाली, १५ देश तटस्थ राहिले. शलगम परत त्याच खुर्चीवर आला, फक्त आता नव्या सरकारकडून. औजाली वॉशिंग्टनमध्ये राहिला, आणि दब्बाशी २०१३ मध्ये युएनमध्ये लिबियाचा मुख्य प्रतिनिधी झाला.