घड जिरतो तो नेमका कधी? तासगावच्या द्राक्षबागेची पार्श्वभूमी

सप्टेंबर उजाडला की सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, सावळज, मणेराजुरी भागातले बागायतदार काड्यांच्या जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळून डोळे, म्हणजे काडीवरच्या कळ्या, तपासायला नेतात. प्रत्येक जुडीला चिठ्ठी बांधलेली असते: प्लॉट कुठला, वाण कुठलं, सबकेन (शेंडा खुडल्यावर फुटलेली पोटकाडी) की सरळ काडी. तपासणारा डोळ्यावरचे तपकिरी खवले काढतो, त्याखालची लोकरीसारखी लव बाजूला करतो, ब्लेडने पातळ काप घेतो आणि मायक्रोस्कोपखाली धरतो. घड धरलेला असेल तर पानांच्या टोकदार कोंभाशेजारी गाठीगाठींचा फिकट हिरवा गोळा दिसतो. धरलेला नसेल तर तिथे दोन फाटे फुटलेलं बारीक बोट असतं. ती बाळी. कितव्या डोळ्यात गोळा आहे ते पाहून ऑक्टोबर छाटणीची कात्री कुठे लावायची ते ठरतं.

पुढे फूट आली आणि घड दिसले नाहीत की सगळीकडून एकच वाक्य ऐकू येतं, घड जिरले. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून या एका शब्दाने मला जेवढं छळलं, तेवढं दुसऱ्या कशानेच नाही. बाग आपल्याकडे कशी रुजली हे सांगताना या शब्दाचा गुंता सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

द्राक्षवेल मूळची थंड मुलखातली. तिथे ती पानं गाळून झोपते, कडक थंडीत डोळ्यांची झोप पुरी होते आणि वसंतात सगळी वेल एकदम फुटते. सांगली जिल्ह्यात तेवढी थंडी पडतच नाही, त्यामुळे वेल झोपतही नाही. न छाटता सोडली तर शेंड्याकडचे दोन-चार डोळे फुटत राहतात, खालचे मुके पडतात आणि चार-पाच वर्षांत मांडवाच्या मधोमध नुसतं लाकूड उरतं. म्हणजे जो हिवाळा हवामान देत नाही, तो कात्रीने द्यावा लागतो. आपल्याकडे तो वर्षातून दोनदा देतात: एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, काडी एका डोळ्यावर आणून, आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी, म्हणजेच ऑक्टोबर छाटणी.

उष्ण प्रदेशात ही वेल वेगळी वागते हे फार जुन्या काळापासून लोकांच्या नजरेत आहे. चौदाव्या शतकात मोरोक्कोहून आलेल्या एका प्रवाशाने दौलताबादची द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात असं लिहून ठेवलं. मधल्या पाच-सहाशे वर्षांत मी इथे शिरत नाही, कारण आजची तासगावची बाग त्यातून आलेली नाही. दक्षिणेकडे तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यात आजही दोन वर्षांत पाच पिकं घेतात. आपण मात्र दोन छाटण्या करून पीक एकच घेतो. एप्रिलच्या फुटीवर घड आले तरी ते काढून टाकतो, कारण ते ऐन पावसात पिकतील, आंबट राहतील, कुजतील आणि वेलीची ताकदही घेऊन जातील. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटतो. पण एप्रिलची छाटणी फळासाठी नसतेच, ती डोळ्यासाठी असते.

१९६०च्या दशकापर्यंत महाराष्ट्रात भोकरीचा बोलबाला होता, पुढे हैदराबादकडची अनाबेशाही आली. दोन्ही बियांच्या. त्यानंतर कॅलिफोर्नियाहून आलेल्या थॉम्पसनने सगळं चित्र बदललं. बी नाही, साल पातळ, बेदाण्याला उत्तम. पण हे वाण हट्टी निघालं. भोकरी काडीच्या बुडाकडच्या डोळ्यांवरही घड देई. थॉम्पसनचे बुडाकडचे डोळे बहुतेक वांझ. जुन्या सवयीने आखूड छाटलं की बाग हिरवीगार आणि घड मोजके. काडी लांब ठेवायची, तर मग किती लांब, या प्रश्नातूनच डोळे तपासण्याची गरज निर्माण झाली. मणी बारीक राहतो म्हणून जीए (जिबरेलिक आम्ल, मणी फुगवणारं संप्रेरक) आलं. घड पोपटी रंगाचा असताना १० पीपीएमची (दहा लाखांत दहा भाग) फवारणी आणि नंतर घड द्रावणात बुडवणं इथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ झालं. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या एका शेतकऱ्याने थॉम्पसनच्याच बागेत वेगळी वेल हेरली आणि तिच्यातून ‘तास-ए-गणेश’ उभं राहिलं. प्रयोगशाळेबाहेर, मांडवाखाली उभं राहून केलेली ही निवड आहे आणि तिचं मोल मला फार मोठं वाटतं.

आता तो शब्द.

द्राक्षाचा घड आणि बाळी हे मुळात एकच अवयव आहेत. कोवळ्या डोळ्यात आधी एक उघडी गाठ तयार होते. तिचं काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं. ऊन भरपूर, अन्नसाठा चांगला आणि सायटोकायनिन हे संप्रेरक पुरेसं असेल तर ती गाठ फांद्या धरते आणि घड होते. सावली, ढग, जादा पाणी, जादा नत्र यांनी वाढ सुसाट झाली की जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचा जोर चढतो आणि तीच गाठ बाळी होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात संशोधकांनी बाळीला सायटोकायनिन देऊन तिचा फुलोरा करून दाखवला, तेव्हा हे कोड्यासारखं नातं पक्कं झालं. गंमत अशी की ज्या जीएने आपण मणी फुगवतो, त्याच कुळातलं संप्रेरक चुकीच्या वेळी वाढलं तर घडच होऊ देत नाही.

आपल्याकडे हा निवाडा खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत होतो. एप्रिलच्या मध्यावर छाटलं तर मे अखेर ते जूनचा मध्य. त्या काळात आपला बागायतदार जे काही करतो ते सगळं याच एका गोष्टीसाठी असतं: पाणी हात आखडून देणं, नत्र थांबवणं, सीसीसी हे वाढ रोखणारं औषध मारणं, सहा-सात पानांवर शेंडा खुडून सबकेन करणं. शेंडा मोडला की वेलीचा धावता पाय अडतो, खुडल्या जागी गाठ येते आणि त्या गाठीजवळच्या डोळ्यात घड सापडण्याची शक्यता वाढते. सप्टेंबरमध्ये तपासणारा सबकेनच्या गाठीशी आधी का जातो, ते यावरून कळावं.

पण एक दुसरं जिरणंही आहे आणि तेही खरं आहे. डोळ्यात घड असतो, तपासणीत दिसलेला असतो, फळछाटणी होते, डोळे फोडणाऱ्या डॉर्मेक्सची पेस्ट लागते, डोळे फुटतात, आणि नेमका तेव्हा पाऊस-ढग धरून बसतो. काडीत साठा कमी असतो, बहुधा पावसाळ्यात डाऊनी या बुरशीरोगाने पानं गेलेली असतात. कोंब पुढे पळतो आणि घड उपाशी राहून मागे फिरतो. अशा वेळी अर्धा घड आणि अर्धी बाळी असलेला विचित्र फाटा हातात येतो. ज्याने तो पाहिलाय तो विसरत नाही.

म्हणजे एक जिरणं मे-जूनमधलं, जिथे घड मुळात झालाच नाही. दुसरं फळछाटणीनंतरचं, जिथे झालेला घड गेला. नाव मात्र दोघांना एकच. याची किंमत मोठी आहे. मे महिन्यात चुकलेल्या बागेवर ऑक्टोबरमध्ये हजारो रुपयांच्या फवारण्या होतात. डोळ्यात जे नाहीच, ते कुठल्याही बाटलीने उगवत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या प्रकाराला ‘घड न धरणं’ म्हणावं आणि ‘जिरणं’ हा शब्द दुसऱ्यासाठीच ठेवावा.

यातूनच खरड छाटणीच्या तारखेचा वाद उभा राहतो. काढणीनंतर वेलीला पंधरा-वीस दिवस विश्रांती द्यावी, मुळांना साठा भरू द्यावा, असं एक मत. ते बरोबर आहे. पण बेदाण्याच्या बागेत गोडी भरेपर्यंत माल वेलीवर राखावा लागतो. काढणी मार्च-एप्रिलवर जाते, वर विश्रांती धरली की छाटणी मेमध्ये आणि निवाड्याचे दिवस सरळ मृगाच्या ढगांत. १९७२च्या आणि त्यानंतरच्या दुष्काळांत तर पाणीच नव्हतं. छाटणी करून कोवळी फूट जगवायची कशाने, म्हणून लोक पावसाची वाट पाहत थांबले. त्यांना दोष कोण देईल? तरीही वेलीच्या बाजूने पाहिलं तर विश्रांतीचे चार दिवस कमी झालेले परवडतात, उन्हाचे चार दिवस गेलेले परवडत नाहीत.

टेंभू आणि म्हैसाळ योजनांनी कृष्णेचं पाणी वर चढवलं, ठिबक घरोघर पोचलं, त्याआधीच क्षार आणि दुष्काळ सोसणाऱ्या डॉगरिजच्या खुंटावर (मुळांसाठी लावलेल्या दुसऱ्या वेलीवर) कलमं भरायची पद्धत रूढ झाली होती. पाण्याअभावी लांबणारी छाटणी त्यामुळे पुष्कळ कमी झाली. पण डॉगरिज जोमदार. त्यावरची वेल धावते, आणि धावणाऱ्या वेलीत डोळे बाळीकडे झुकतात. पाण्याचा एक प्रश्न सुटला आणि मे महिन्यात वेल आवरण्याचं काम दुप्पट झालं.

२०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ‘ऑक्टोबर छाटणी’ हे नावही एव्हाना नावापुरतंच उरलं आहे. चांगल्या दरासाठी आगाप छाटणारे ऑगस्टमध्येच कात्री लावतात. आगाप बाग लवकर खाली होते, म्हणून तिची खरड छाटणीही वेळेवर होते आणि पुढच्या डोळ्यांना मेचं पूर्ण ऊन मिळतं. धोका परतीच्या पावसाचा. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो हटेना, तेव्हा फुलोऱ्यात आलेल्या बागांतली मणीगळ आणि कूज अनेकांनी डोळ्यांदेखत पाहिली.

त्यानंतर मांडवावर प्लास्टिकचं छत घालण्याकडे कल वाढला. छत पाऊस अडवतं, डाऊनी कमी करतं, फळ वाचवतं. पण थोडं ऊनही अडवतं. म्हणून माल उतरला की कागद गुंडाळून ठेवायचा आणि खरड छाटणीनंतरची फूट उघड्या आभाळाखाली वाढू द्यायची. जिथे मजूर मिळाले नाहीत म्हणून छत जूनपर्यंत तसंच राहिलं असेल, त्या प्लॉटच्या काड्या सप्टेंबरमध्ये तपासायला नेताना चिठ्ठीवर तेवढं जरूर लिहावं. काप घेणाऱ्याला कुठला डोळा आधी उघडायचा ते कळतं.