आप्पेपात्र, कोनाडा आणि स्क्रीनवरची आतली सावली

आमच्या घरी ॲल्युमिनियमचं एक जुनं आप्पेपात्र आहे, वापरून वापरून चमक पार गेलेली, आणि इनर शॅडो म्हणजे काय हे कुणाला समजवायचं असलं की मी तेच बाहेर काढतो. तुम्हीही करून बघा. खिडकी समोर येईल असं ओट्याशी उभं राहायचं, पात्राचा वरून फोटो काढायचा आणि फक्त खळगे राहतील एवढा क्रॉप करायचा, हँडल नाही, कडा नाही. आता फोनचं ऑटो रोटेट बंद करा आणि फोन उलटा धरा. खळगे गायब! त्यांच्या जागी टम्म फुगलेले उंचवटे दिसायला लागतात, जणू पात्रात आप्पे आलेत. फोटोतला एकही ठिपका बदललेला नाही, फक्त खळग्याच्या वरच्या बाजूची काळोखी खाली गेली आणि खालचा उजेड वर आला, बास.

स्क्रीन तर काचेसारखी सपाट. तिच्यावर कुठलं बटण वर आलेलं नसतं आणि कुठली चौकट आत गेलेली नसते. तरी आपल्याला एक गोष्ट दाबावीशी वाटते आणि दुसरीत काहीतरी लिहावंसं वाटतं, यामागं बऱ्याचदा ही आप्पेपात्राचीच गंमत असते. डिझाइनमध्ये तिला इनर शॅडो म्हणतात, म्हणजे आतल्या बाजूला पडणारी सावली. नेहमीची ड्रॉप शॅडो वस्तूच्या बाहेर पडते आणि सांगते की ही वस्तू पानाच्या वर तरंगतेय. इनर शॅडो कडेच्या आत पडते आणि सांगते की इथे पोकळी आहे.

जुन्या वाड्यातला कोनाडा आठवा. भिंतीत खोदलेली चौकट, वरून उजेड येतो, कोनाड्याच्या वरच्या कडेची सावली आत उतरते आणि खालच्या फळीवर मात्र उजेड पडतो. तिथे पणती ठेवायची, काडेपेटी ठेवायची, किल्ल्या ठेवायच्या हे कुणी शिकवायला लागत नाही. मोबाइल नंबर टाकायची चौकट म्हणजे असाच छोटा कोनाडा, त्यात काहीतरी ठेवायचं असतं.

पण मेंदूला हे कळतं कसं? कारण तो एक गोष्ट गृहीत धरून चालतो, की उजेड वरून येतो. सूर्य वर, चंद्र वर, आणि घरातला दिवाही बहुतेक वरच. त्यामुळं वरचा भाग उजळ आणि खालचा गडद म्हणजे उंचवटा, आणि वरचा गडद, खालचा उजळ म्हणजे खळगा. हा चकवा लोकांच्या लक्षात येऊन दोनशे वर्षं उलटून गेली, फिलाडेल्फियाचे खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांनी १७८६ साली यावर लिहिलंय. पण विषय खरा गाजला तो १९८८ मध्ये, जेव्हा मूळचे भारतातलेच असलेले शास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी 'नेचर'मध्ये याबद्दलचा शोधनिबंध छापला. त्यांची चित्रं अगदी साधी होती, राखाडी पार्श्वभूमीवर गोल, प्रत्येक गोल एका बाजूला पांढरा आणि हळूहळू दुसऱ्या बाजूला काळा होत जाणारा. वरून पांढरे असलेले गोल फुगलेले दिसतात, वरून काळे असलेले आत गेलेले. मला यातला आणखी एक भाग फार आवडतो. गोल आडवे केले, म्हणजे उजेड डावीकडून की उजवीकडून हे ठरेना, की ते कधी फुगे वाटतात कधी खळगे, पण बदलतात तेव्हा सगळे एकदम बदलतात! म्हणजे मेंदू नुसतं वरून एवढंच धरत नाही, तर सगळ्या चित्राला मिळून दिवा एकच आहे असंही धरून चालतो. आणि हे 'वर' म्हणजे खोलीचं वर नाही, आपल्या डोक्याचं वर. खाली वाकून स्वतःच्या दोन पायांमधून उलटं बघितलंत तर फुगलेले गोल खळगे दिसतात आणि खळगे फुगलेले.

हे जन्मतः येतं की सवयीनं? १९७० च्या एका प्रयोगात कोंबडीची पिल्लं अशा पिंजऱ्यात वाढवली होती जिथे उजेड फक्त खालून यायचा, तरीही ती सावल्या वाचताना उजेड वरून येतो असंच धरून वागली. दुसरीकडे २००४ मध्ये माणसांवर झालेल्या प्रयोगात असं दिसलं की हातानं स्पर्श करून वेगळा अनुभव दिला तर ही गृहीत दिशा थोडी सरकवता येते. म्हणजे पाया मुळातला असावा आणि वर अनुभवाची डागडुजी चालू राहते, मला तरी असंच वाटतं. त्यात १९९८ मध्ये सन आणि पेरोना या दोन संशोधकांनी दाखवलं की आपली पसंती अगदी सरळ वरच्या उजेडाला नसून किंचित डावीकडं झुकलेल्या उजेडाला असते.

याचा फटका बघायचा असेल तर सह्याद्रीचा सॅटेलाइट फोटो उघडा. नकाशात उत्तर वर असते आणि आपल्याकडं वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडं झुकलेला, त्यामुळं फोटोत उजेड खालून येतो आणि सावल्या वरच्या दिशेला पडतात. कित्येकदा दरी डोंगराच्या धारेसारखी वर आलेली दिसते आणि धार दरीसारखी! ट्रेकला जायच्या आधी रूट बघताना मी यात नेहमी अडकतो, मग नदी कुठून वाहतेय ते शोधायचं आणि तिथून डोळे सरळ करायचे. म्हणूनच डोंगर छायेनं दाखवणारे नकाशे बनवणारे लोक उजेड वायव्येकडून येतो असं धरतात, महाराष्ट्रात दिवसा अकरा वाजता सूर्य तिथे कधीच नसतो तरी, कारण वाचणाऱ्याच्या मेंदूला दिवा वर डावीकडं हवा असतो.

कॉम्प्युटरवाल्यांनी नेमकी हीच दिशा उचलली. ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरची स्क्रीन निव्वळ काळी-पांढरी, राखाडी रंगच नाही, तिथे कसली सावली काढणार. राखाडी छटा आल्या तशी बटणं वर यायला लागली, विंडोज ३.० मध्ये १९९० साली, आणि मग विंडोज ९५ मध्ये तर सगळा पडदाच कोरीव झाला. जवळून बघा ते बटण: वरची आणि डावी कड पांढरी, खालची आणि उजवी गडद. माउसनं दाबलं की पांढरी कड गडद व्हायची आणि गडद पांढरी, की बटण आत गेलं. एकेक दोनदोन पिक्सेलच्या रेघा, पण काम चोख. लिहायच्या चौकटी कायम आत गेलेल्या, वरची आणि डावी कड गडद. मऊ, पसरट इनर शॅडो सगळ्यांच्या हाताशी आली ती १९९८ च्या फोटोशॉप ५ मध्ये, जेव्हा लेयर इफेक्ट्स आले, नंतर सीएसएसच्या, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, बॉक्स-शॅडोमध्ये 'इनसेट' हा एक शब्द आला आणि ब्राउजरच ती काढायला लागला.

ती काढतात कशी हेही समजून घेण्यासारखं आहे. वहीचा पुठ्ठा घ्या, मधोमध चौकोनी खिडकी कापा आणि कागदाच्या जरा वर धरा. खिडकीतून दिसणाऱ्या कागदावर पुठ्ठ्याच्या कडेची सावली पडते, तीच इनर शॅडो. सॉफ्टवेअर हेच करतं, आकार सोडून बाहेरचं सगळं काळं रंगवतं, ते काळं दोन-चार पिक्सेल खाली सरकवतं, धूसर करतं आणि आकाराच्या आत जेवढं आलं तेवढंच ठेवून बाकीचं कापून टाकतं. पुठ्ठा कागदापासून जितका वर उचलाल तितकी सावली सरकते आणि मऊ होते, म्हणून सरकवण्याचा आकडा आणि धूसरपणाचा आकडा एकत्रच वाढवायचे, नाहीतर डोळ्याला काहीतरी खटकत राहतं. (फोटोवर इनसेट लावून ती दिसतच नाही म्हणून तास घालवणाऱ्यांसाठी: ही सावली बॅकग्राउंडच्या वर पण आतल्या मजकुराच्या खाली काढली जाते, आणि फोटो हा मजकूर, त्यामुळं तो तिला झाकून टाकतो. फोटोच्या वर एक पारदर्शक थर ठेवा आणि सावली त्याला द्या.)

दिशा चुकली तर काय होतं ते मी प्रत्यक्ष पाहिलंय. आम्ही एका दुकानासाठी बिलाचं ॲप करत होतो. एकूण रक्कम एका आत गेलेल्या खिडकीत दिसायला हवी होती, जशी वजनकाट्याची असते, आणि खाली पैसे भरायचं बटण. चाचणीला बसवलेले लोक सारखे त्या रकमेवरच बोट ठेवत होते, दाबत होते, परत दाबत होते, आणि खऱ्या बटणाकडं बघतही नव्हते. आम्ही रंग बदलले, अक्षरं मोठी केली, काही फरक पडेना. शेवटी लक्षात आलं की सावली खाली सरकवायच्या आकड्याआधी मायनस पडला होता. काळोखी चौकटीच्या तळाशी जमा झालेली, म्हणजे उजेड वर, गडद खाली, म्हणजे उंचवटा, म्हणजे बटण! लोक अगदी बरोबर वाचत होते, चूक आमची होती. तो एक मायनस काढला आणि रकमेवरचे टॅप थांबले. तेव्हापासून कुठलंही पान तपासताना मी पहिलं बघतो की सगळ्या सावल्या एकाच दिव्याच्या आहेत का, कारण एक चौकट वरून उजळलेली आणि शेजारची खालून, असं झालं की मेंदू दोन्हींवरचा विश्वास काढून घेतो.

मधल्या काळात सावल्याच नकोशा झाल्या होत्या. २०१३ मध्ये आयफोनची आयओएस ७ ही प्रणाली आली आणि त्यानंतर सगळं सपाट. मटेरियल डिझाइन या गूगलच्या डिझाइन नियमावलीनं २०१४ मध्ये सावल्या ठेवल्या पण लिहायची जागा म्हणजे नुसती खाली एक रेघ. पुढं गूगलनंच लोकांवर चाचण्या घेतल्या आणि चौकटीतली जागा लोकांना जास्त पटकन सापडते असं दिसल्यावर ती बदलली. मला ही फार महत्त्वाची गोष्ट वाटते, कोनाडा काढून घेतला तर वस्तू कुठे ठेवायची ते माणसाला शोधावं लागतं.

मग २०२० च्या आसपास न्यूमॉर्फिझमची लाट आली आणि दुसरं टोक गाठलं. सगळं पान एकाच राखाडी मातीचं, बटणं आणि चौकटी फक्त सावल्यांनी उठवलेल्या. दिसायला सुंदर, खरंच, पण वापरायला त्रास. त्यातली नेहमीची जोडी घ्या, २५५ पैकी २२४ ची राखाडी (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) आणि तिच्यावर १९० ची सावली. दोघांमधलं कॉन्ट्रास्टचं प्रमाण जेमतेम १.४ ला १ येतं, आणि डब्ल्यूसीएजी २.१ हे वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून ठरवलेलं २०१८ चं मानक बटणाची किंवा चौकटीची हद्द ओळखू यायला किमान ३ ला १ मागतं. माझ्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी अशा चौकटी दिसायच्याच नाहीत, आणि दुपारच्या उन्हात एसटी स्टँडवर उभं राहून फोन बघणाऱ्या धडधाकट माणसालाही नाही दिसत. म्हणून सावलीबरोबर एक स्पष्ट कड द्यायचीच.

अक्षरांना इनर शॅडो देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, देवनागरीला जपून. दगडात कोरल्यासारखं नाव मोठ्या जाड अक्षरात छान दिसतं, पण बारीक मजकुरात रेघ दीड पिक्सेलची आणि सावली तीन पिक्सेलची झाली की सावलीला पडायला जागाच उरत नाही, सगळी रेघच काळवंडते. पहिला बळी अनुस्वाराचा, मग रफाराचा, मग ऱ्हस्व-दीर्घ उकारातला फरक. इंग्रजीत चाललेला इफेक्ट तसाच मराठी बॅनरवर चढवला की हे हमखास होतं.

डार्क मोडमध्ये तर वेगळाच पेच, पान आधीच २५५ पैकी १८ च्या काळ्यावर, त्यावर काळी सावली टाकून दिसणार काय? इथे परत कोनाड्याकडं जायचं. त्याच्या वरच्या काळोखीइतकीच खालची उजळ फळीही पोकळी दाखवत असते. म्हणून चौकटीच्या आत, अगदी तळाच्या कडेला, एक पिक्सेलची पांढरी रेघ आठ-दहा टक्केच अपारदर्शक ठेवून द्या, वर थोडी काळी सावली राहू द्या, आणि स्क्रीन हाताभर लांब धरून बघा. चौकट आत जाते.