अधिक्रमण पद्धतीने बाह्यग्रहशोध : गोव्यातील निरीक्षण

बाह्यग्रह म्हणजे सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह. असा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. या सरकण्यालाच अधिक्रमण म्हणतात. अशी घट ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा दिसली, तर तिथे ग्रह असण्याची शक्यता धरून त्याची ‘उमेदवार’ म्हणून नोंद होते. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याचा सुमारे १ टक्का प्रकाश अडवतो, पृथ्वीएवढा ०.०१ टक्क्याहूनही कमी. त्यामुळे छोट्या दुर्बिणींच्या आवाक्यात येतात ते मुख्यतः ताऱ्याच्या अगदी जवळून फिरणारे मोठे वायुग्रह.

महाअश्व तारकासमूहातील एचडी २०९४५८ या ताऱ्याच्या ग्रहाचे अधिक्रमण १९९९ साली प्रथम टिपले गेले, तेही डेव्हिड शार्बोनो यांच्या गटाने अवघ्या १० सेंमी व्यासाच्या दुर्बिणीतून. ग्रेग हेन्री यांनीही ते स्वतंत्रपणे नोंदवले. गोव्यातल्या नवख्या निरीक्षकाने सुरुवात याच ताऱ्यापासून करावी. इथून तो जवळपास डोक्यावरून जातो, म्हणजे त्याचा प्रकाश वातावरणाच्या सर्वांत पातळ थरातून येतो. घट दीड टक्क्याच्या वर असते आणि अधिक्रमण सुमारे तीन तास चालते. ग्रहाची फेरी ३.५२ दिवसांची असल्याने एक अधिक्रमण रात्री सापडले, की आठवड्याने तास-सव्वा तास उशिरा पुन्हा गाठता येते.

पावसाळा या कामाला निरुपयोगीच. चवथीनंतर ढग विरळ होऊ लागतात, पण खरे आकाश मिळते ते दिवाळीच्या सुमारास. कळंगुट-बागा पट्ट्यातल्या झगमगाटापासून दूर, सत्तरी किंवा सांगेकडे गेले तर अंधार चांगला मिळतो. मात्र तिथे पहाटेचे धुके आणि भिंगावर धरणारे दव छळतात. दवामुळे सगळेच तारे मंदावतात आणि ही घट अधिक्रमणाहून कितीतरी मोठी असू शकते. म्हणूनच लक्ष्य ताऱ्याची तेजस्विता एकटी कधीच मोजत नाहीत. त्याच चित्रातील स्थिर ताऱ्यांशी तिची सतत तुलना करतात. तारा एकाच पिक्सेलवर एकवटू नये म्हणून फोकसही मुद्दाम थोडा बिघडवतात. अधिक्रमणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर निरीक्षण हवेच, नाहीतर घट कशाच्या तुलनेत मोजायची?

अंतराळातून असे उमेदवार शोधणाऱ्या नासाच्या टेस उपग्रहाचा एक पिक्सेल आकाशाचा सुमारे २१ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) रुंदीचा भाग व्यापतो. त्यात शेजारचे तारे मिसळतात, आणि त्यांतली एखादी एकमेकांना झाकणारी ताऱ्यांची जोडी ग्रहाचा भास निर्माण करते. घट नेमकी कोणत्या ताऱ्यात होते, हे जमिनीवरची साधी दुर्बीणही वेगळे करून दाखवू शकते. या कामात गोव्याचे रेखांश मोलाचे आहेत : चिलीतल्या मोठ्या वेधशाळांवर दिवस असतो तेव्हा इथे रात्र असते, आणि तिथून निसटलेले अधिक्रमण इथून सापडू शकते.

एवढे करूनही हाती येते ती ग्रहाची त्रिज्या, वस्तुमान नव्हे. वस्तुमानासाठी ग्रहाच्या ओढीने होणारे ताऱ्याचे डगमगणे वर्णपटातून मोजावे लागते. भारतात हे काम माउंट अबू येथील ‘पारस’ उपकरणाने केले आहे.