छोट्या ट्रॅक्टरमागची खोदाई : बॅकहोची पार्श्वभूमी

हापूसच्या कलमासाठी कोकणात एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा घ्यायची शिफारस आहे. दहा बाय दहा मीटरवर लागवड धरली तर हेक्टरी 100 खड्डे, म्हणजे 100 घनमीटर माती. वजनात दीडशे टनांच्या आसपास. 1990 मध्ये रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली, तेव्हा असे खड्डे माणसांनी कुदळ, पहार आणि घमेल्याने काढले. आज तेवढे मजूर मिळत नाहीत. साडेसात टनांच्या घरातला जेसीबी गडग्यांमधल्या अरुंद वाटेने वर चढत नाही, आणि चढला तर आधीची कलमे आणि बांध तुडवून ठेवतो. म्हणून 15 ते 25 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला मागे जोडायच्या छोट्या बॅकहोची, म्हणजे बकेटने माती आपल्याकडे ओढून खणणाऱ्या यांत्रिक हाताची, चौकशी वाढली आहे. या यंत्रामागे पाऊणशे वर्षांहून जास्त इतिहास आहे. तो माहीत असला की घेणाऱ्याची नजर आपोआप योग्य जागी जाते. ती जागा बकेट नाही, जोडणी आहे.

जोडणीची गोष्ट बेलफास्टच्या हॅरी फर्ग्युसनपासून सुरू होते. सुरुवातीच्या हलक्या ट्रॅक्टरचा नांगर दगडाला किंवा मुळाला अडला की पुढची चाके उचलली जात आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालकावर पडे. फर्ग्युसनने नांगर ओढायचे सोडून तो ट्रॅक्टरचाच भाग केला: खाली दोन दांडे, वर एक टॉप लिंक, आणि उचलायला हायड्रोलिक. नांगर अडला की टॉप लिंक ट्रॅक्टरचे नाक खाली दाबते. 1938 मध्ये त्याने हेन्री फोर्डशी केवळ हस्तांदोलनावर करार केला आणि 1939 मध्ये ही व्यवस्था फोर्डच्या 9एन ट्रॅक्टरवर आली. आज आपल्याकडच्या झाडून सगळ्या ट्रॅक्टरांमागे दिसते ती थ्री पॉइंट लिंकेज हीच. मात्र ती मुळात नांगरासाठी बेतलेली आहे. खालचे दांडे अवजार उचलतात. खाली दाबून धरत नाहीत.

खोदाईची यंत्रे तोवर अवाढव्यच होती. विल्यम ओटिसचा वाफेवरचा फावडा 1830च्या दशकातला. तिथून पुढे शंभर वर्षे खोदाई म्हणजे तारेचे दोर, कप्प्या आणि रेल्वे-कालव्यांची कामे असेच समीकरण होते. घराच्या पायाचा किंवा पाण्याच्या पाइपचा चर मात्र हातानेच खणला जाई.

हे बदलले अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हबर्ड्सटन या छोट्या गावात. व्हाइनो होलोपाइनेन आणि रॉय हँडी या दोघांनी 1947 मध्ये पूर्णपणे हायड्रोलिकवर चालणारा बॅकहो बनवला. दोघांच्या नावांवरून त्यांच्या कंपनीचे नाव वेन-रॉय. एप्रिल 1948 मध्ये त्यांनी फोर्ड 8एन ट्रॅक्टरवर बसवलेला बॅकहो कनेक्टिकट लाइट अँड पॉवर या वीज कंपनीला 705 डॉलरला विकला. पहिले गिऱ्हाईक शेतकरी नव्हे, वीज कंपनी होती, हे मला फार बोलके वाटते. खांब आणि चर हा तिचा रोजचा धंदा. 8एनची ताकद तरी किती, पंचवीसेक अश्वशक्ती. म्हणजे हे यंत्र जन्मले तेच छोट्या ट्रॅक्टरसाठी.

त्याच सुमारास युद्धातून परतलेली जीप शेतात शिरत होती. 1945 मध्ये विलिस कंपनीने नागरी वापराची सीजे-2ए जीप बाजारात आणली आणि तिला मागे पीटीओची, म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर अवजार चालवणाऱ्या फिरत्या दांड्याची, सोय देऊ केली. मग जीपवर चालणारी खांबांचे खड्डे पाडणारी ऑगर आली, साखळीवर दाते बसवून चर काढणारे ‘जीप-अ-ट्रेंच’ आले. रस्त्यावर धावणारे आणि कामावर पोचल्यावर खणणारे वाहन ही कल्पना तिथली. आपल्याकडे महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबईत हीच जीप जुळवायला घेतली, पण इथे तिची ओळख झाली ती पोलीस, वनखाते आणि खडकाळ रस्त्यांची गाडी म्हणून.

यानंतर बॅकहो मोठा होत गेला. इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्डने (जेसीबी ही त्याच्याच नावाची आद्याक्षरे) 1953 मध्ये फोर्डसन मेजर ट्रॅक्टरला पुढे माती उचलून भरणारा लोडर आणि मागे खोदणारा हात लावून एकच यंत्र विकायला काढले. अमेरिकेत केस या कंपनीने 1957 मध्ये दोन्ही टोके कारखान्यातूनच बसवलेले मॉडेल आणले. जोडायचे अवजार होते, ते स्वतंत्र वाहन झाले. 1979 मध्ये जेसीबीच्या एस्कॉर्ट्स या भारतीय कंपनीबरोबरच्या भागीदारीतून ते हरियाणातल्या बल्लभगडला बनू लागले, पुढे पुण्याजवळ तळेगावातही जेसीबीचा कारखाना आला. बाकीचे सांगायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या नाक्यावर ते उभे असते.

ताकद वाढवायला वजन वाढवावे लागले, आणि वजन वाढले की बाग सुटली. छोट्या बॅकहोला पुन्हा दिवस आले ते जपानी ट्रॅक्टरांमुळे. कुबोटाने 1969 मध्ये एल-200 हा एकवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अमेरिकेत नेला. भातखाचरासाठी घडवलेले हे ट्रॅक्टर तिथल्या मोठ्या आवाराच्या घरांना आणि छोट्या शेतांना नेमके बसले. मागोमाग त्यांना बॅकहो जोडायची मागणी आली आणि फर्ग्युसनच्या दांड्यांची मर्यादा उघडी पडली.

हे जरा जवळून बघायला हवे. बॅकहो खणताना दोन पाय जमिनीवर टेकवतो आणि मागची चाके जवळपास मोकळी करतो. बूम, म्हणजे खणणाऱ्या हाताचा मुख्य दांडा, खाली रेटली आणि माती कठीण निघाली की उलट अख्खी चौकटच वर उचलली जाते. थ्री पॉइंटचे खालचे दांडे वर जायला मोकळेच असतात, त्यामुळे सगळा भार टॉप लिंकवर आणि तिच्या पिनेवर येतो. ती वाकली किंवा तुटली तर चौकट पुढे कलंडते, आणि बॅकहोच्या सीटवर बसलेला माणूस ट्रॅक्टर आणि यंत्र यांच्यात चेपला जातो. माणूस वाचला तरी धक्के सोसतो तो ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचा आणि मागच्या धुऱ्याचा ओतीव सांगाडा. छोट्या ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते, तो सांगाडा हाच त्याचा कणा. त्याला तडा गेला की दुरुस्तीचा खर्च बॅकहोच्या किमतीशी स्पर्धा करतो.

यावर उतारा निघाला तो सबफ्रेमचा. ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागच्या धुऱ्यापासून पुढच्या लोडरच्या चौकटीपर्यंत जाणारे दोन पोलादी दांडे, आणि बॅकहो त्यांनाच पक्का अडकवलेला. खोदाईचा रेटा मग पूर्ण ट्रॅक्टरभर वाटला जातो. दुसरी सुधारणा तेलाची. छोट्या ट्रॅक्टरचा हायड्रोलिक पंप अवजार उचलायपुरता असतो, एकाच वेळी बूम आणि बकेट हलवायला तो अपुरा पडतो. म्हणून अनेक बॅकहो पीटीओवर स्वतःचा पंप आणि स्वतःची तेलटाकी घेऊन येतात. या वर्गातली यंत्रे साधारण सहा-सात फूट खोल जातात. पाइपलाइन, सेप्टिक टाकी, कलमांचे खड्डे यांना तेवढे पुरते.

शेजारी-शेजारी बसायच्या मळ्याच्या छोट्या गाड्या, म्हणजे परदेशातले चारचाकी युटिलिटी व्हेइकल, यांना बहुधा पीटीओच नसतो. त्यांच्यासाठी वेगळे पेट्रोल इंजिन लावलेले, मागे ओढत न्यायचे बॅकहो निघाले. हलक्या मातीत ते काम देतात. मुरुमात ते स्वतःच सरकतात, कारण अंगात वजनच नसते.

आपल्याकडे छोट्या ट्रॅक्टरची वाट द्राक्षबागांनी केली. नाशिक-सांगलीकडे नऊ-दहा फुटांच्या ओळींत फवारणी करायला अठराएक अश्वशक्तीचे अरुंद ट्रॅक्टर आले. व्हीएसटीने मित्सुबिशीच्या तंत्रज्ञानावर काढलेले शक्ती त्यातले ओळखीचे. पुढे महिंद्राचा युवराज आणि राजकोटकडचे कॅप्टन आले. त्यांच्यामागे आधी रोटाव्हेटर लागला, मग ऑगर. ऑगर झटपट खड्डा पाडते, पण दोन ठिकाणी फसते. जांभ्याच्या कातळावर ती नुसती फिरत राहते. आणि ओल्या काळ्या मातीत खड्ड्याची भिंत अशी गुळगुळीत चोपते की मुळांना बाहेर पडायला वाव राहत नाही. कलम लावण्यापूर्वी ती भिंत पहारीने खरवडून घ्यावी लागते. बॅकहोच्या दातांनी भिंत ओबडधोबडच राहते. कलमांसाठी मला तो जास्त पटतो, त्याचे हे एक कारण.

आता अनेक गावांतले फॅब्रिकेशनवाले छोटे बॅकहो बांधून देऊ लागले आहेत. बूम आणि सिलिंडर बहुतेक चांगलेच असतात. जोड मात्र पुष्कळदा थेट थ्री पॉइंटवर दिलेली असते, कारण सबफ्रेम प्रत्येक मॉडेलच्या मापाने वेगळी करावी लागते आणि तिथे पोलाद, वेळ आणि पैसा तिन्ही जातात. यंत्र बघायला गेलात तर बकेटचा आकार नंतर विचारा. आधी ट्रॅक्टरखाली वाकून दांडे कुठून कुठपर्यंत गेले आहेत ते बघा, आणि ते पोटाखालून पुढे गेले नसतील तर सबफ्रेमसकट किंमत मागा.