जेवणानंतरची जळजळ

वर्षातून दोन-तीनदा मला छातीचं दुखणं होतं, आणि तेही एकाच सकाळी वीस-पंचवीस वेळा. पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी मला पेशंट म्हणून बोलावतात. खोटा पेशंट. बँकेतून निवृत्त झालोय, राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं ‘दुसरा शेजारी’ छापाच्या भूमिका केल्यात, आणि वय दुखण्याला शोभतं. पोहे, चहा आणि रिक्षाभाडं मिळतं. हौशी नाटकात तेवढंही मिळत नव्हतं.

माझी भूमिका अशी : वय ५४, धनकवडीत किराणा दुकान, तंबाखूची सवय. तक्रार एकच, "जेवण झालं की छातीत जळजळतं हो." संहितेत या वाक्याखाली रेघ मारलेली आहे. एवढं बोलून गप्प बसायचं. पुढचं कोणी विचारलं तरच सांगायचं.

पुढचं म्हणजे हे : दुकानदार रात्री जेवून शतपावलीला बाहेर पडतो. कोपऱ्यावरचा चढ लागला की छातीत जळजळ सुरू. पानाच्या टपरीपाशी दोन-तीन मिनिटं उभा राहिला की आपोआप थांबते. ज्या दिवशी पाऊस असतो आणि तो जेवून टीव्हीसमोर बसतो, त्या दिवशी काही म्हणजे काही होत नाही.

आता ‘जेवणानंतर’ हा शब्द धरला तर हे पित्त. ‘चढावर’ हा शब्द धरला तर हे हृदय. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी रोहिणी आतून अरुंद झाली असेल, तर बसल्या जागी लागणारं रक्त तिच्यातून पुरेसं जातं. चालायला लागलं की हृदय जोरात चालतं, त्याला जास्त प्राणवायू लागतो आणि तो पोचत नाही. त्यात नुकतंच भरपेट जेवण झालेलं. पचनासाठी आतड्यांकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, म्हणजे हृदयावर आणखी काम. त्यामुळे एरवी निभावून नेलेला चढ जेवणानंतर निभत नाही. याला अंजायना म्हणतात. आणि ती दुखण्यासारखी दुखतेच असं नाही. जळजळ, दडपण, छाती भरून येणं, काहीही वाटू शकतं. हृदय आणि अन्ननलिका या दोघांच्या संवेदना पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच दारातून आत शिरतात, त्यामुळे तक्रार नेमकी कुणाची हे मेंदूलाही धड उमगत नाही. पित्ताचं औषध घेऊन बरं वाटलं म्हणून हृदय निर्दोष सुटलं असंही नाही.

पहिला मुलगा आला तो हुशार दिसत होता. नमस्कार, नाव, वय, सगळं व्यवस्थित.

"काका, काय होतंय?"

"जेवण झालं की छातीत जळजळतं हो."

"तिखट फार खाता का? आंबट ढेकर? रात्री जेवण उशिरा होतं?"

तिन्हींना मी हो म्हणालो. दुकानदार माणूस, जेवण उशिराच होणार. मुलाचा चेहरा उजळला. मग त्याने मला पित्ताची उत्तम माहिती दिली, उशाशी दोन उश्या घ्यायला सांगितल्या आणि घंटा वाजायच्या आत उठला. निघताना म्हणाला, "काळजी करू नका काका." मी करत नव्हतो. माझा दुकानदार मात्र त्याच रात्री चढावर बसला असता.

त्या मुलाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं होतं. पेशंट तक्रार सांगायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते, आणि सुरुवातीचं बोलणं पुरं करता आलेले पेशंट होते २३ टक्के. हे विद्यार्थी नव्हे, खरे डॉक्टर. न तोडता ऐकलं तर पेशंट किती वेळ बोलतो? स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासाने २००२ मध्ये हे मोजलं. ३३५ पेशंट, सरासरी ९२ सेकंद. दोन मिनिटांत ७८ टक्के लोक आपणहून थांबले. आपल्याकडच्या सरकारी ओपीडीत सकाळी अकराची रांग पाहिली की दोन मिनिटं ही चैन वाटते, हे मान्य. पण अठरा सेकंदांत चुकीच्या वाटेला लागलेला डॉक्टर पुढची दहा मिनिटं त्याच वाटेवर घालवतो, तो वेळ कोणी मोजत नाही.

गंमत अशी, की ऐकणं ही शिकवायची आणि गुण द्यायची गोष्ट आहे, हे वैद्यकशिक्षणाच्या फार उशिरा लक्षात आलं. पूर्वी परीक्षेत मुख्यतः लाँग केस असायची. वाट्याला येईल तो पेशंट, परीक्षक बाहेर चहा पितोय, विद्यार्थी तासभर आत. मग येऊन काय सापडलं ते सांगायचं. कसं विचारलं ते कोणी पाहिलेलंच नसायचं. शिवाय एकाला साधा दमा, दुसऱ्याला कोणाला न उलगडलेलं कोडं; नशिबाचा भाग मोठा. हॉवर्ड बॅरोज या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये धडधाकट माणसाला पढवून पेशंट म्हणून बसवलं. सुरुवातीला त्याची चेष्टाच झाली. स्कॉटलंडमधल्या डंडीचे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये परीक्षेचीच मोडणी बदलली : ओळीने टेबलं, प्रत्येकावर ठरावीक मिनिटांचं एक काम, घंटा झाली की पुढे. सगळ्यांना तेच पेशंट, तीच गुणपत्रिका. मेडिकलची पोरं हिला ‘ऑस्की’ म्हणतात आणि ते म्हणतानाही त्यांच्या पोटात गोळा येतो.

अमेरिकी वैद्यकशिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये डॉक्टरी कौशल्याची एक उतरंड मांडली. माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं, आणि कोणी बघत नसतानाही करणं. आपल्याकडचे पेपर आणि पाठांतर खालच्या दोन मडक्यांतच अडकलेलं होतं. २०१९ पासून देशभर एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला आणि काटा वर सरकू लागला. पहिल्या वर्षापासून पेशंटशी भेट, लॉगबुक, संवाद आणि नीतिमत्तेचे स्वतंत्र तास. शेजारच्या खोलीत मॅनिकिनवर, म्हणजे माणसाच्या पुतळ्यावर, हृदय बंद पडल्यावर करायच्या छातीदाबाचा सराव चालू असतो : मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. असा पहिला पुतळा १९६० मध्ये नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने घडवला. पुतळ्याचं एक बरं असतं, त्याला शतपावलीची सवय नसते.

त्या दिवशी चौदावी का पंधरावी एक मुलगी आली. केरळची. पहिल्या वर्षाच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास असतात. बाकीची मराठी वॉर्डात आणि मेसमध्ये शिकलेली. एवढंच म्हणाली, "काका, सांगा."

मी माझं वाक्य टाकलं. ती गप्प. मी गप्प. नटाला असं रिकामं थांबणं सोसत नाही, मला तर मुळीच नाही.

"म्हणजे… शतपावलीला जातो ना, तेव्हा," मी म्हणालो.

"शतपावली काय असतं?"

सांगितलं. "मग न चालता, नुसतं बसलं तर?" नाही होत. "चालून थांबलं तर?" जातं. "जळजळ म्हणजे कसं? मला शब्द माहीत नाही. दाखवा ना." मी नकळत मूठ वळून छातीच्या मधोमध दाबली. ते संहितेत होतं. पण दाखवायला सांगितलं तरच करायचं, आणि तोवर एकानेही सांगितलं नव्हतं. अंजायनाचे पेशंट बऱ्याचदा असंच दाखवतात, म्हणून डॉक्टर त्या मुठीला लेव्हिनची खूण म्हणतात. एवढ्यावरून निदान होत नाही, पण ईसीजीची आठवण नक्की होते. तिलाही झाली.

माझा समज असा झालाय, की तिची तोडकी मराठीच तिच्या कामी आली. आमच्या सदाशिव पेठेतल्या पोराला ‘जळजळ’ ऐकलं की लगेच कळतं, आणि कळलं की तो विचारायचा थांबतो. तिला कळलं नव्हतं, म्हणून तिने विचारलं. अर्थात हा एका खोट्या पेशंटचा समज. परीक्षकांना विचाराल तर ते म्हणतील, ती मुलगी मुळातच चांगली आहे.

परीक्षा आटोपल्यावर पोह्यांच्या रांगेत तो पहिला मुलगा माझ्या मागे होता. निकाल नव्हता लागला, पण मुलांनी आपसात ताडून पाहिलं होतं.

"काका, शतपावलीचं तुम्ही मला सांगितलंच नाहीत."

"तू विचारलंस कुठे?"

तो हसला, पण मनापासून नाही.

ती मुलगी जिन्याजवळ उभी होती. एप्रनच्या खिशातून छोटी वही काढली. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजवीकडे मल्याळम. कळ, चमक, ठणका, मुंग्या, घेरी, ढवळणं. जळजळपुढे तिने एक मूठ काढली होती.

"काका, कणकण म्हणजे ताप ना?"

"नाही गं. थर्मामीटरमध्ये काही दिसत नाही. ताप येणार असं अंगाला वाटतं, ते."

तिने उजवीकडची जागा बराच वेळ मोकळी ठेवली.